बट्टा किती? हाली रुपयाची पारख

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललं तसं.)

मी भूमहून बोलतोय. मागच्या भागात जुन्या नाण्यांविषयी ओझरता उल्लेख केला होता, त्यावर एवढे निरोप आले की म्हणलं एक भाग पूर्ण त्यालाच देऊ. बहुतेकांचा प्रश्न एकच: "आमच्याकडं आजीच्या गाठोड्यातला चारमिनारचा रुपया आहे, किती येतील?"

किती येतील ते मी आज सांगणार नाही. आधी सांगावं लागतं ते नाणं कोणत्या अवस्थेत आहे. दर त्यानंतरचा. आणि अवस्था कोण ठरवतो, हा त्याहून अवघड प्रश्न. त्यावर मी शेवटी येतो, कारण त्यात माझीच एक चूक आहे.

आधी हा रुपया कोणता ते बघू. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथं चालायचा तो हाली सिक्का. हाली म्हणजे सध्याचा, चालू. आणि शेजारी बार्शी, ती सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथं कलदार. भूमचा माणूस बार्शीच्या बाजारात गेला की त्याचा रुपया तिथं रुपया राहायचा नाही. सात हाली दिले की सहा कलदार, असा साधारण हिशेब. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. आमची आजी हा आकडा पाढ्यासारखा म्हणायची. शाळा तिनं बघितलेली नव्हती.

यात गंमत अशी की हा दर कुणी हवेतून काढलेला नव्हता. हाली रुपयाचं वजन ११.१७८ ग्रॅम, त्यात चांदी हजारी ८१८. म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅमच्या आसपास. जुना कलदार ११.६६ ग्रॅम, चांदी हजारी ९१७ च्या जवळ, म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅम. आता १०.६९ ला ९.१४ नं भागा, १.१७ येतं. सातला सहानं भागा, तेही १.१७. (जुना कलदार म्हणजे १९४० च्या आधीचा. पुढं महायुद्धात इंग्रजांनी त्यातली चांदी निम्म्यावर आणली.)

या फरकाला शब्द होता बट्टा. परमुलखाचं नाणं, झिजलेलं नाणं, कमी वजनाचं नाणं, सगळ्यावर बट्टा बसायचा. पेशवाईत तर अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा किती जातीचे रुपये एकाच वेळी फिरत होते. ते पारखायला पोतदार असायचा. आज पोतदार आडनाव राहिलंय, पण काम तेच होतं: नाणं हातात घ्यायचं, वाजवायचं, कसायचं, आणि बट्टा सांगायचा. 'नावाला बट्टा लागला' हे आपण अजून म्हणतो, खणखणीत नाणं हेही म्हणतो. नाण्याची प्रत ठरवणं ही काही अमेरिकेहून आलेली विद्या नाही, एवढंच मला म्हणायचंय. फरक एक आहे. पोतदार चांदी बघायचा. आजचा संग्राहक चेहरा बघतो.

चला, आता रुपया हातात घ्या. कडेनं धरा, दोन बोटांत. अंगठा तोंडावर ठेवू नका, घामाचा डाग चांदीवर कायमचा बसतो.

एका बाजूला चारमिनार आहे. मधल्या कमानीत एक अक्षर दिसेल. मीम असेल तर सहावा निजाम, मीर महबूब अली खान. ऐन असेल तर सातवा, मीर उस्मान अली खान. ज्याच्या नावावरून आपल्या जिल्ह्याला इतकी वर्षं उस्मानाबाद म्हणत होते तोच. तो १९११ च्या ऑगस्टमध्ये गादीवर आला. सुरुवातीच्या त्याच्या नाण्यांवर ऐन अर्धवट, आखूड आहे, पुढं पूर्ण आला. संग्राहक त्या आखूड ऐनसाठी जीव टाकतात.

साल हिजरीत असतं. आकडे उर्दूचे. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच उलट्या बदामासारखा, सात वर उघडा, आठ खाली उघडा. इंग्रजी साल काढायला सोपी रीत: शेकड्याला तीन वजा करा आणि ६२२ मिळवा. १३३० असेल तर चाळीस गेले, १२९० राहिले, अधिक ६२२, झालं १९१२. एखाद्या वर्षाची चूक चालते.

ओळख पटली. आता अवस्था.

खिडकीजवळ बसा, किंवा एकच दिवा लावा आणि नाणं तिरपं धरून हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या पांढऱ्या ट्यूबखाली सगळी नाणी सारखीच दिसतात. तिरप्या उजेडात मात्र लपत नाही काही. सोबत पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरे. त्याहून मोठं घेतलं तर प्रत्येक नाणं वाईटच दिसतं, आणि माणूस उगाच निराश होतो.

पहिली नजर उंचवट्यावर. नाणं खिशात, कनवटीला, हातात घासतं ते सगळ्यात उंच जागी आधी. चारमिनारच्या रुपयात मी आधी मिनारांच्या सज्जांच्या आडव्या रेषा बघतो, मग कमानीच्या वरची बारीक नक्षी. सगळ्या रेषा वेगवेगळ्या मोजता आल्या तर नाणं फारसं फिरलेलं नाही. रेषा एकमेकींत मिसळून मिनार नुसते खांब झाले असतील, पण अक्षरं ठसठशीत आहेत, तर त्याला आम्ही फाईन म्हणतो. नावाला जाऊ नका. फाईन म्हणजे छान असं नाही, फाईन म्हणजे बरंच वापरलेलं. मधल्या अवस्था म्हणजे व्हेरी फाईन, एक्स्ट्रा फाईन. व्हेरी फाईनमध्ये बहुतेक नक्षी असते, फक्त माथे सपाट झालेले असतात. एक्स्ट्रा फाईनमध्ये माथ्यावर नुसता हात फिरल्यासारखी झीज. आणि चारमिनारची नुसती बाह्यरेषा उरली असेल, साल अंदाजानं वाचावं लागत असेल, तर ते गुड. इंग्रजीतला हा गुड म्हणजे आपल्याकडचा 'चालतंय'.

सगळ्यात वरचा वर्ग यूएनसी. म्हणजे बाजारात फिरलेलंच नाही. त्याची खूण झीज नसणं ही आहेच, पण खरी खूण चकाकी. टाकसाळीतल्या ठशाखाली धातू दाबला जातो तेव्हा तो केंद्राकडून कडेकडं सरकतो आणि पृष्ठभागावर अगदी सूक्ष्म रेषा पडतात. नाणं फिरवलं की त्यावरून उजेड गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ही चकाकी एकदा गेली की परत आणता येत नाही. पॉलिशची चमक वेगळी, ती सगळीकडून एकसारखी मारते. दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघितल्या की जन्मात विसरत नाही.

एक फसवी जागा सांगतो. कधी मिनाराचा माथा सपाट दिसतो, पण नाणं झिजलेलं नसतं; ठसाच नीट उठलेला नसतो. अशा वेळी त्या सपाट जागेवर चकाकी शिल्लक आहे का ते बघा. चकाकी असेल तर ठसा कमजोर. करडी, मेलेली जागा असेल तर झीज. हा फरक न कळल्यामुळं चांगली नाणी स्वस्तात गेलेली मी बघितलीत.

हाती पाडलेल्या नाण्याला मात्र हे नियम लावू नका. शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हातोड्यानं पाडलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळं अख्खी अक्षरं फार कमी शिवरायांवर बसतात. तिथं झिजेपेक्षा आधी विचारतात, अक्षरं किती आली? नव्याकोऱ्या शिवराईवरसुद्धा 'शिव' अर्धाच असू शकतो.

आणि तेरच्या पांढरीत निघालेलं सातवाहनांचं शिशाचं नाणं असेल, तर त्याची प्रत विचारणंच चुकीचं. ते कुठं, कोणत्या थरात, कशासोबत सापडलं ही त्याची किंमत. तेरला लामतुरे संग्रहालय आहे, आपल्या जिल्ह्यातच आहे, एकदा जाऊन या. शेत नांगरताना काही निघालं तर ते गुपचूप विकायचं नसतं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे: जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. दहा रुपये! तो आकडा कुणी बदललाच नाही.

आता झीज सोडून दुसरी गोष्ट. झीज नाण्याच्या नशिबात असते, तिला दोष देत नाहीत. दोष देतात तो माणसानं केलेल्या गोष्टीला.

आपल्याकडं रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची चाल होती. तांड्यावरच्या बायकांच्या पोशाखावर तर नाण्यांच्या ओळीच असायच्या. पुढं कडी काढली तरी डाग राहतो, वरच्या कडेला धातू वितळून पसरलेला दिसतो. सराफानं कसाला घासलेलं असेल तर कडेला ओरखडा. कधी छिद्र पाडून बुजवलेलं असतं, ते तर भिंगातूनच दिसतं. आणि ओतीव नकला: वजन भरत नाही, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या, कडेवर जोडाची रेघ. म्हणून वजनकाटा भिंगाच्या आधी घ्या. चांगला इलेक्ट्रॉनिक काटा फार महाग नसतो.

पण सगळ्यात जास्त नाणी मेली ती धुऊन.

मी चौदा वर्षांचा होतो. आजीच्या पेटीत अकरा रुपये होते, काळेनिळे पडलेले. दिवाळीची भांडी घासायला काढली होती. मी म्हणलं, आजी, हे पण चमकवतो. चिंच लावली, राख लावली, काथ्यानं घासघासघासले. पांढरेशुभ्र झाले. आजी म्हणाली, "बाप रे, काल पाडल्यासारखे झाले की." मी खूष. आज ती अकरा नाणी तिरप्या उजेडात धरली की प्रत्येकावर हजारो बारीक रेघा दिसतात, सगळ्या एकाच दिशेनं, माझ्या हाताच्या दिशेनं. त्यातली दोन नाणी झिजेच्या हिशेबानं एक्स्ट्रा फाईन आहेत. पण कोणताही जाणकार त्यांना ती प्रत देणार नाही, तो म्हणणार 'साफ केलेलं', आणि बाजूला ठेवणार. तो काळेनिळेपणा घाण नव्हता. चांदीवर हवेतल्या गंधकाचा थर चढतो, हळूहळू, आणि तो सारखा चढला असेल तर आतल्या चकाकीचं रक्षणच करतो. तेव्हा चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, काही काही लावायचं नाही. फारच माती असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी हिरवं चिकट सुटतं.

बरं. आता ती चुकीची गोष्ट.

भूमचा खवा तुम्हाला माहीत आहे. खवा घ्यायला आलेला व्यापारी चिमूटभर तळहातावर चोळतो, तूप किती सुटतं बघतो, आणि नाक मुरडतो. तूप चांगलं सुटलं तरी नाक मुरडतोच, कारण त्याला घ्यायचा आहे. तोच खवा पुढं विकताना त्याचं नाक सरळ असतं. यात नवल वाटत नाही कुणाला.

नाण्यात मी तेच केलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडं आले. त्यांच्याकडं एकच रुपया होता, आखूड ऐनचा. मी भिंगातून बघितला, सज्जाच्या रेषा मोजता येत होत्या. मनात म्हणलं एक्स्ट्रा फाईन. तोंडानं म्हणलं, "बाबा, फिरलेलं आहे, व्हेरी फाईन धरू." त्यांनी मान हलवली. त्यांना त्या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता, माझ्या चेहऱ्यावर विश्वास होता. दोन महिन्यांनी मी ते नाणं एका संग्राहकाला दिलं, आणि पाकिटावर माझ्या हातानं लिहिलं: एक्स्ट्रा फाईन. नाणं तेच. मधल्या दोन महिन्यांत ते सुधारलं नव्हतं. म्हातारे गृहस्थ पुढं वारले. तो फरक मी कुणाला देणार होतो आता.

हे फक्त माझंच नाही, हा सगळ्या छंदांचा रोग आहे. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली जुनी कार्डं गोळा करतात. तिथंही हेच होतं. विकणाराच कार्डाची प्रत सांगायचा. म्हणून तिसऱ्या माणसाची कल्पना आली, जो घेतही नाही आणि विकतही नाही, फक्त बघतो, आकडा देतो आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करतो. नाण्यांसाठी पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली, कार्डांसाठी पीएसए १९९१ मध्ये. कार्डांना एक ते दहा. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का, हे बघून. नाण्यांना एक ते सत्तर. हा सत्तर विल्यम शेल्डन नावाच्या माणसानं १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडला होता: अगदी झिजलेल्या नाण्याला एक डॉलर, तर निर्दोष नाण्याला सत्तर. दरांचं ते गणित लवकरच मोडलं, आकडा मात्र जगभर राहिला.

पण ऐका, पीएसएनं प्रत दिलेलं पहिलंच कार्ड होनस वॅग्नर या खेळाडूचं होतं. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटात निघायची ती कार्डं, वॅग्नरचं फार दुर्मिळ. त्याला आठ आकडा दिला. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड झालं ते, २००७ मध्ये अठ्ठावीस लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये ज्या विक्रेत्यानं ते पुढं आणलं होतं त्यानं न्यायालयात कबूल केलं की कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. माझ्या चिंचेसारखंच, फक्त त्याची चिंच महागाची होती. तेव्हा डबीतला आकडासुद्धा माणसाच्याच नजरेचा असतो. डबी विकत घेताना आतलं नाणं बघा.

आपली अडचण आणखी वेगळी. हिजरी १३३० चा रुपया आता शंभर वर्षांपुढचा झाला. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणं शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 'परदेशातून प्रत काढून आणतो, द्या माझ्याकडं' असं कुणी म्हणालं तर सावध व्हा.

मागच्या वर्षी शेजारच्या गावातून एक ताई आल्या. स्टीलच्या डब्यात तेवीस रुपये, सासूबाईंचे. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, फी भरायची तारीख जवळ आलेली. मोबाईलवर फोटो बघून एकानं त्यांना सांगितलं होतं, सगळी घासलेली आहेत, चांदीच्या भावात घेतो. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच घ्या ना. तुम्ही ओळखीचे."

मी डबा उघडला. एकोणीस खरोखरच सपाट झालेली, त्यातल्या सहांना कडीचे डाग. चार मात्र कापडात वेगळी गुंडाळलेली होती, आणि त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. एकावर निळसर थराखाली चाक फिरत होतं. माझ्या संग्रहात तसं नाहीये. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं.

मी म्हणलं, ताई, मी घेणार नाही. मी फक्त बघून देतो. एका कागदावर तेवीस ओळी लिहिल्या: साल, वजन, मीम की ऐन, झीज किती, काय केलेलं आहे. चारच्या पुढं खूण केली. सांगितलं की ही चार चांदीच्या भावात द्यायची नाहीत, एकाला दाखवून थांबायचं नाही, तिघांना दाखवायची, आणि माझा कागद पहिल्यांदा काढायचा नाही. आधी ते काय म्हणतात ऐकायचं. उरलेल्या एकोणीसमधली कडी लावलेली आधी मोडीत घाला, फी तेवढ्यात भागते का बघा.

त्यांनी तसं केलं. पहिल्या दोघांनी चारही नाणी फाईन सांगितली. तिसऱ्यानं निळसर नाणं बराच वेळ तिरपं धरलं आणि काही बोललाच नाही. ताईंनी ओळखलं. फी भरली. ते निळसर नाणं त्यांनी विकलंच नाही, डब्यात परत ठेवलंय. मी अधूनमधून विचारतो, डबा कुठं ठेवलाय, ओल तर नाही ना. त्या हसतात.

निरोप पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. राम दरबार छापलेलं, इसवी सन १८१८ घातलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून जे नाणं फिरतं, ते कंपनीनं कधी पाडलेलं नाही. तांदूळ ओढतं वगैरे सांगून त्यावर लोक लुटले गेलेत. आणि वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी थोडी फी भरा, अशा जाहिरातींना बळी पडू नका. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच तसा इशारा दिलेला आहे.

फोटो पाठवायचे असतील तर दोन्ही बाजूंचे पाठवा, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता, शेजारी वजनाचा आकडा लिहून. मी बघून कागद लिहून देईन. विकत घेणार नाही, त्यामुळं दर विचारू नका. आणि फोटो काढायच्या आधी नाणं धुऊ नका. येतो.